सुकाणूचक्राची गोष्ट : कठवाड्याच्या मोटारींत

बडोद्याहून अहमदाबादेस गेलेला मराठी प्रवासी साबरमतीचा आश्रम पाहतो, तीन दरवाज्यापाशी रेंगाळतो आणि परतीची गाडी धरतो. शहराच्या पूर्वेस कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांनी जमविलेल्या शंभरावर जुन्या मोटारींचे संग्रहालय आहे, तिकडे त्याची पावले क्वचितच वळतात. ती अवश्य वळावीत, असे आम्ही सुचवू.

रोल्स-रॉइस, बेंटली, पॅकार्ड अशा गाड्यांचे दिवे आणि नळकांडी पाहून मन भरले, की वाचकांनी काचेतून आत डोकावून स्टिअरिंगकडे जरा निरखून पाहावे. अवघा मोटारयुगाचा इतिहास त्या एका वर्तुळात सामावलेला दिसेल.

आरंभी हे चक्र नव्हतेच. कार्ल बेंझ यांची १८८६ ची गाडी दांड्याने वळे. १८९४ च्या पॅरिस-रुआं स्पर्धेत आल्फ्रेद वाशेराँ यांनी आपल्या गाडीस चक्र बसविले आणि पुढे तीच रीत झाली. पहिली चक्रे लाकडाची होती. एकाच फळीतून वर्तुळ कापले, तर काही ठिकाणी लाकडाचे तंतू आडवे पडतात आणि कड तिथेच मोडते. म्हणून सुतार पातळ पट्ट्या वाकवून एकावर एक चिकटवीत, अथवा लहान तुकडे सांध्याने जोडीत. पुढे पोलादी सांगाड्यावर कठीण रबर वा प्लास्टिक चढू लागले. कालांतराने प्लास्टिक आकसते, आतले पोलाद मात्र आकसत नाही. जुन्या चक्रांवर, विशेषतः आऱ्यांच्या सांध्यापाशी, ज्या भेगा दिसतात त्यांचे मूळ हेच.

आज आत ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेनचा फेस आणि वर चामडे असते. ही निवड केवळ शोभेसाठी नव्हे. युरोपीय नियमानुसार ६.८ किलोग्रॅम वजनाचे कृत्रिम डोके ताशी २४.१ किलोमीटर वेगाने चक्रावर आपटवून पाहतात. चक्र वाकावे, चालकाची कवटी नव्हे, हा त्यामागील न्याय.

नवा नमुना घडविताना प्रथम तारेच्या कड्यावर मळलेली माती थापून जाडी ठरवितात. ती लहान-मोठ्या, कोरड्या-घामट अशा अनेक हातांत देऊन पाहतात, कारण एका तळहाताला सुखावणारी कड दुसऱ्याला बोचते. मग घट्ट फोम कोरून किंवा त्रिमिती छपाईने आकार पक्का करतात, त्याचा सिलिकोनचा साचा घेतात आणि त्यात पॉलियुरेथेन ओततात. असा नमुना हातात धरून पारखण्यासाठी असतो, रस्त्यावर नेण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे घरातील जुनी गाडी जपणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी भेगा इपॉक्सीने भरून मूळ चक्र राखावे, हे उत्तम. मात्र रोजच्या नव्या गाडीवर हौसेखातर देखणे लाकडी चक्र चढविण्याचा मोह टाळावा. भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग बंधनकारक आहे, आणि ती चक्राच्या मध्यभागीच घडी घालून बसविलेली असते. चक्र बदलले, की तीही गेली. कठवाड्याचे सौंदर्य डोळ्यांनी लुटावे, पण घरच्या माणसांचे रक्षण करणारे चक्र आहे तसेच राहू द्यावे.