बॉलकडे बघ

मुलुंडला सोसायटीत खेळताना बॉलकडे बघणं हे सगळ्यात शेवटचं काम. आधी तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी, मग गेटातून वळणारी स्कूटर, मग उघडं गटार; उरलीसुरली नजर रबरी बॉलवर. सुट्टीतल्या शिबिरात मात्र सर एकच घोकून घेत : बॉलवरून नजर हटवायची नाही. साहेबाच्या खेळाबरोबर त्याचा हा वाक्प्रचारही इथे रुजला. पुढे नोकरीत दर मीटिंगला तोच ऐकला, तोही कधी बॅट न धरलेल्यांकडून.

कॉलेजात असताना आझाद मैदानावर खेळू लागलो. सकाळच्या लोकलमध्ये दारात आडवी किटबॅग, डब्यातल्यांची बोलणी, आणि उतरल्यावर 22 खेळपट्ट्यांची जत्रा. मी मिड-ऑनला, तर माझ्या पाठीला पाठ लावून दुसऱ्याच सामन्यातला कव्हर. ‘बॉऽऽल!’ अशी आरोळी आली की कुणाचा ते न विचारता डोकं झाकायचं. इथे एकाच बॉलवर नजर ठेवणारा शहाणा नव्हे.

पावसाळ्यात कांगा लीग. 1948 पासूनची ही स्पर्धा न झाकलेल्या, ओल्या खेळपट्ट्यांवर होते. क्लबातले जुने खेळाडू सांगत, ‘टप्पा बघ रे, टप्पा.’ बॉल कुठे पडतोय हे आधी कळलं, तरच तो उसळणार की खाली राहणार याचा अंदाज. 2000 साली मायकल लँड आणि पीटर मॅकलाउड या संशोधकांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या, तेव्हा हेच दिसलं. बॉल सुटताना फलंदाज तो बघतो, मग बॉल सोडून नजर टप्प्याच्या जागी आधीच जाऊन थांबते. जितका फलंदाज तयारीचा, तितकी ही उडी लवकर. म्हणजे सरांचा नियम उत्तम फलंदाजच मोडत होते!

मैदानात मात्र दुसऱ्याच्या बॉलचा टप्पा कोण ओळखणार? जानेवारी 2024 मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर क्षेत्ररक्षण करणाऱ्या एका गृहस्थांना शेजारच्या सामन्यातला बॉल कानामागे लागला आणि ते गेले. त्यांची त्या सामन्याकडे पाठ होती. दीडशे ग्रॅमहून जड असतो सीझन बॉल. जागा नाही हे खरं. पण आयोजकांनो, एका सामन्याच्या सीमारेषेत दुसरा सामना भरवू नका.