काठी किती फुटी?

दुकानात आलेलं गिऱ्हाईक काठ्यांच्या रांगेसमोर उभं राहतं आणि विचारतं, "किती फुटी घेऊ?" मी विचारते, "पाणी कुठलं?" उंची, मनगटातली ताकद, खिशातले पैसे, हे सगळं त्यानंतर. क्रॉपी पकडायची जिगची काठी किती लांब हवी हे आधी पाणी सांगतं. पाणी जितकं निवळ आणि उथळ, तितकी काठी लांब. गढूळ पाण्याला आखूड काठी चालते. नुसती चालते असं नाही, तीच चांगली.

मी मेम्फिसला मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात काठ्या विकते आणि मोडलेल्या दुरुस्त करते. इथून दीड-दोन तासांत क्रॉपीची नामांकित पाणी गाठता येतात. दक्षिणेला मिसिसिपी राज्यातले आर्काबटला, सार्डिस, एनिड आणि ग्रेनेडा हे चार तलाव, उत्तरेला टेनेसीतलं रीलफूट. चपट्या अंगाचा, चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा हा मासा. अर्धा किलो भरला तरी लोक खूश होतात. ग्रेनेडात मात्र सव्वा किलोच्या पुढचेही मिळतात. पांढऱ्या क्रॉपीचा जागतिक विक्रम १९५७ सालापासून एनिडच्या नावावर आहे: ५ पौंड ३ औंस, म्हणजे साधारण २.३५ किलो.

जिग म्हणजे डोक्याशी शिशाचा थेंब ओतलेला गळ आणि त्यावर पिसांचा झुपका किंवा मऊ प्लॅस्टिकची शेपटी. वजन दोन ग्रॅमच्या आतबाहेर. इथे लांब फेक करायची नसते. पाण्यात बुडालेल्या झाडोऱ्याशेजारी जिग सरळ खाली सोडायचा आणि स्थिर धरायचा. कोकणात खाडीवर काठीने गरवणाऱ्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. जिग टोकाच्या बरोबर खाली लटकतो, त्यामुळे टोक जिथे पोचेल तिथेच जिग पोचणार. लांबीचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

आता दहा फुटी काठी हातात घ्या. मुठीमागचा दीड-दोन फूट भाग कोपराखाली जातो. टोक थोडं वर धरावं लागतं, तिथे आणखी काही इंच जातात. नावेच्या नाकावर बसलेल्या माणसापुढे त्याचे पाय असतात, विजेवरची छोटी मोटर असते. सगळं वजा केलं की नावेच्या कडेपासून जिग फार तर सहा-सात फुटांवर पडतो. काठीवर छापलेला आकडा आणि माशापासूनचं आपलं अंतर यांत एवढा फरक पडतो, आणि माशाला फक्त हे दुसरं अंतर कळतं.

ग्रेनेडा आणि त्याची भावंडं पूर थोपवण्यासाठी बांधलेली आहेत. वसंतातल्या पावसाला जागा हवी म्हणून शरदापासून पाणी उतरवत नेतात आणि पुढे ते पुन्हा चढू देतात. चढणारं पाणी माती घेऊन येतं. अशा पाण्यात मासा नावेच्या अगदी जवळ बिनधास्त उभा असतो, त्याला सहा-सात फूट पुरतात. तिथे चौदा फुटी काठी घेऊन बसणारी माणसं मी पाहते तेव्हा वाईट वाटतं. जो मासा दहा फुटीने जास्त नेमका मिळाला असता, त्याच्यासाठी ती दिवसभर खांदे दुखवून घेतात.

रीलफूटचं गणित वेगळं. १८११-१२च्या भूकंपांनी जमीन खचली आणि हे तळं झालं. पाणी उथळ, आणि त्यात सायप्रसची झाडं उभी. वसंतात पाणी सोळा ते वीस अंश सेल्सियसवर आलं की क्रॉपी अंडी घालायला कडेला येते, कधी कधी जेमतेम कमरेएवढ्या पाण्यात. तिथे नावेची सावलीसुद्धा महागात पडते. बारा फूट हवेत. पण फांद्या खाली आलेल्या असतील तर बारा फुटीचं टोक त्यांतच अडकतं, म्हणून तिथे जाणारे दहा फुटीही सोबत ठेवतात आणि ते योग्यच करतात.

वजनाबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे, कारण गिऱ्हाईक इथेच फसतं. दुकानात माणूस काठी वरखाली हलवून बघतो. त्यातून काहीच कळत नाही. रीळ बसवा, पाण्यावर धराल तशी टोक पुढे करून धरा, आणि आपण गप्पा मारू. दोन-तीन मिनिटांत मनगट बोलू लागतं. जाडी सगळीकडे सारखी आहे असं धरलं, तर दहाची चौदा फूट केल्यावर वजन चाळीस टक्के वाढतं, पण मनगटावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो, कारण वाढलेलं वजन हातापासून लांबही गेलेलं असतं. टोकाकडे निमुळती काठी हा भार कमी करते, पण संपवत नाही. पूर्वी बांबूच्या काठ्या असत, मग फायबरग्लास आलं. आजची कार्बनची काठी त्या दोन्हींपेक्षा हलकी, म्हणून चौदा फूट हातात धरणं शक्य झालं. टोक जड वाटलं तर मुठीच्या टोकाला थोडं वजन जोडून देते. एकूण वजन वाढूनही हाताला काठी हलकी लागते.

लांब काठी हाताची प्रत्येक हालचाल मोठी करते. मनगट दहा अंश वळलं तर दहा फुटीचं टोक पावणेदोन फूट हलतं, चौदा फुटीचं जवळजवळ अडीच फूट. जिगला एक-दोन इंचांपेक्षा जास्त हलवायची गरज नसते, बऱ्याचदा तेवढंही नको असतं. क्रॉपी वर बघत येते आणि खालून जिग तोंडात घेते. त्यामुळे पुष्कळदा ओढ जाणवतच नाही. ताणलेली दोरी अचानक सैल पडते, टोकाचा किंचितसा बाक सरळ होतो. तेवढंच. मग जोरात झटका द्यायचा नाही, कारण जबड्याभोवतीची कातडी कागदासारखी पातळ असते आणि गळ ती फाडून निघतो. काठी नुसती उचलायची. म्हणून टोक मऊ पाहिजे आणि मधला भाग ताठ, नाहीतर झाडोऱ्यातून मासा वर निघणार नाही.

२०१८मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं आणि माझ्या दुकानातला खप बदलला. नावेपुढचा मासा पडद्यावर हलताना दिसू लागला, आणि नाव जवळ येताच तो सरकतो हेही दिसू लागलं. तेव्हापासून चौदा आणि सोळा फुटी काठ्यांची मागणी वाढली. निवळ पाण्यात, उघड्यावर फिरणाऱ्या मोठ्या माशामागे जायचं तर सोळा फूट घ्या, मी स्वतः काढून देईन. वारा असेल त्या दिवशी मात्र ती घरी ठेवा. नावेचा बारीकसा डोलही त्या टोकाला फुटाफुटाने नाचवतो.

धक्क्यांखालच्या सावलीतली क्रॉपी हे वेगळं काम आहे. तिथे पाच-साडेपाच फुटी काठी वाकवून जिग फळ्यांखाली सोडतात. लांब काठी तिथे उभीसुद्धा राहत नाही.

कुठल्या पाण्यावर जाणार हे ज्याला अजून माहीत नाही, त्याला मी दहा फुटी देते. लहान मूल सोबत असेल तर त्याच्यासाठी आठ फुटी, आणि तिचं टोक मोठ्या माणसाच्या काठीइतकंच मऊ बघून. पैसे उरले तर ते चांगल्या दोरीवर घालवा, चार किंवा सहा पौंडांची, डोळ्यांना दिसेल अशा पिवळ्या रंगाची. सैल पडलेली दोरी दिसलीच नाही, तर काठी कितीही फुटी असून काय उपयोग?