नीरेच्या पाण्यावरील हलकी होडी

अकलूज हें नीरेच्या कांठचें गांव. किल्ल्याच्या तटाखालून नदी वाहते, आणि पैलतीर पुणें जिल्ह्याचें. तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्यांस येथील नीरास्नान ठाऊक असतेंच. परंतु गेल्या मार्गशीर्षांत आम्ही या नदीच्या कडेकडेनें हिंडलों तें पुण्यसंपादनासाठीं नव्हे, तर एका होडीच्या निवडीसाठीं.

आमचे एक पुतणे पुष्कळ वर्षें विलायतेंत आहेत. तिकडे त्यांस पिसांची माशी करून मासे धरण्याचा छंद जडला. गळाला गांडूळ न लावतां पिसें व केंस बांधून किड्याची हुबेहूब प्रतिकृति करावयाची, मासा फसला कीं त्यास हळूच सोडवून पुन्हां पाण्यांत सोडावयाचा. घरांत मासा येणार नाहीं हें कळल्यावर आमच्या वहिनींचा विरोध मावळला. या कलेंत गळाला वजन नसतें. वजन असतें तें दोऱ्याला. तो आधीं मागें लांब उडवून मग पुढें फेंकावा लागतो, म्हणून जितकी जागा पुढें तितकीच पाठीशीं मोकळी हवी. आणि आमच्या नदीकांठीं पाठीशीं काय आहे? वेडी बाभूळ! दोरा दर खेपेस कांट्यांत. तेव्हां होडी हवी, आणि ती मोटारीच्या मागच्या कप्प्यांत मावणारी व एकट्यास उचलतां येणारी हवी.

आपल्या पूर्वजांस असलीं साधनें नवीं नव्हतीं. वाळलेले भोपळे किंवा दोन ओंडके एकत्र बांधून नदी तरण्याचें जें साधन तीच सांगड. 'सांगड घालणें' हा वाक्प्रचार बोलतांना तिची आठवण आतां कोणास होत नाहीं. रघुवंशाच्या आरंभीं कालिदासानें उडुपानें सागर तरूं पाहण्याची उपमा योजली आहे, आणि मल्लिनाथानें उडुपाचा एक अर्थ चामड्यानें मढविलेलें यानपात्र असाही दिला आहे. तुंगभद्रेवर चालणारा हरगोल तो हाच. वेताबांबूची गोल टोपली, तिला बाहेरून पूर्वीं कातडें, आतां डांबर व प्लास्टिक. सोळाव्या शतकांत विजयनगरास आलेला पोर्तुगीज प्रवासी पाएस यानें या टोपल्यांचें वर्णन केलें असून त्या सरळ न जातां सारख्या गरगरतात असेंही नोंदविलें आहे.

हरगोलाचें गणित मुलांस घालण्याजोगें आहे. व्यास सहा फूट व तळ सपाट धरला तर क्षेत्रफळ सुमारें 28 चौरस फूट. तो एक इंच बुडाला कीं सुमारें 66 लिटर पाणी बाजूस सरतें, म्हणजे जवळजवळ तितक्याच किलोंचा भार पेलतो. 70 किलोंचा मनुष्य बसला तर टोपली इंचाहून किंचितच अधिक खालीं जाते. पण माशी फेंकतांना गरगरणारी नाव कोणाच्या कामाची? पुतण्यांच्या मनांत तर कंबरेभोंवतीं हवा भरलेलें कडें घालून पाय पाण्यांत सोडून बसण्याचें एक विलायती साधन होतें. आम्हांस तें मुळींच पसंत पडलें नाहीं. जलपर्णीच्या मुळ्यांत पाय गुंतले तर काय करावें?

नरसिंहपुरास, जेथें नीरा भीमेस मिळते, तेथील घाटाशीं एक वृद्ध भोई जाळें सांधीत बसले होते. रबराच्या घडीच्या होडीचें चित्र त्यांस दाखविलें. त्यांनीं तें बराच वेळ पाहिलें व म्हणाले, "मास्तर, उचलाया हलकी ती वाऱ्यालाबी हलकीच की. कांट्याचं भ्या न्हाई, ठिगळ लावता येतंय. वाऱ्याला ठिगळ न्हाई."

दुकानांतील कोणत्याही पत्रकांत न सांपडणारी ही गोष्ट. पुतण्यांचा ओढा उजनीकडे होता. भीमेवरील तें धरण 1980 सालीं पूर्ण झालें, आणि त्याचें पाणी समुद्राचा भास व्हावा इतकें पसरतें. आम्हीं त्यांस कुगांवची हकीकत सांगितली. 21 मे 2024 रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यांत उलटली. एक जण पोहून तीरास लागला. सहा जण बुडाले. ती तर रोजच्या वहिवाटीची होडी. मग हवेवर तरंगणाऱ्या रबराची काय कथा! पुतणे कांहीं वेळ गप्प राहिले. एकटेपणीं मोकळ्या पाण्यावर जाण्यांतच त्यांस गोडी होती, आणि ती सोडणें त्यांच्या जिवावर आलें होतें.

अखेर ठरलें तें असें. होडी हवेचीच, परंतु सपाट तळाची व हवेचे निदान तीन स्वतंत्र कप्पे असलेली, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तारतील. दोन वल्हीं, नांगरास दोरी बांधलेला धोंडा, ठिगळाचें सामान, आणि अंगावर तरंगतें जाकीट. तें होडींत ठेवलेलें नव्हे, अंगावर घातलेलें. उजनी वर्ज्य. नीरेच्या बंधाऱ्यामागील संथ डोहांत सकाळीं दहापर्यंतच, कारण पुढें वारा उठतो. बंधाऱ्याच्या भिंतीजवळ जावयाचें नाहीं. मासेमारीचा हक्क ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी आधीं घ्यावयाची. शिवाय वीर धरणांतून पाणी सोडणार कीं काय याची चौकशी आदल्या दिवशीं करावयाची. तें काम पुतण्यांनीं आमच्याकडे सोंपविलें आहे.