डेट्रॉईटमध्ये भेंडी पिकते!

भेंडी! डेट्रॉईटमध्ये, शहराच्या हद्दीत, हिरवीगार, कोवळी, पिवळ्या फुलांची भेंडी! मोटारींचं शहर म्हणून लहानपणापासून ऐकलेलं हे नाव, नंतर पॅकार्डच्या बंद कारखान्याचे फोटो पाहून ‘संपलेलं शहर’ म्हणून मनात घट्ट बसलेलं. आणि त्याच शहराच्या पश्चिम टोकाला, रूज पार्कमध्ये, सात एकरांवर डी-टाउन फार्म बहरलंय. पालेभाज्यांचे वाफे, लसूण, टोमॅटो, मधमाश्यांच्या पेट्या, कंपोस्टचे ढीग. काय काय पाहू आणि कुणाकुणाला विचारू, असं मला झालं होतं.

ही भेंडी तिथे उगाच आलेली नाही. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर ती अमेरिकेच्या दक्षिणेत रुजली. पुढे अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपीतून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं वंशद्वेषाला कंटाळून आणि कारखान्यांतल्या रोजगाराच्या ओढीनं उत्तरेकडे आली, तेव्हा शेतीचं ज्ञानही त्यांच्यासोबत आलं. म्हणजे डेट्रॉईटचे हे शेतकरी कारखाने बंद पडल्यावर जन्मलेले नाहीत. ते कारखान्यात काम करत असतानाही शेतकरीच होते!

1950 मध्ये इथे साडेअठरा लाख माणसं राहत होती. 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजार भरली. कारखाने उपनगरांत आणि इतर राज्यांत गेले, ऐपतीची गोरी कुटुंबंही गेली, घरं ओस पडली, जळली, पाडली गेली. आपल्या गिरणगावात गिरण्या बंद पडल्या तेव्हा जमिनीला सोन्याचा भाव आला आणि टॉवर उभे राहिले. इथे जमीन कुणालाच नको होती. ज्यांना शहर सोडून जाणं परवडत नव्हतं किंवा जायचंच नव्हतं, त्यांनी ती कसायला घेतली.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही, हे कळल्यावर तर मी थक्क झाले. 1893 च्या मंदीत इथल्या कामगारांवर उपाशी मरायची वेळ आली, तेव्हा महापौर हेझन पिंग्री यांनी पुढच्याच वर्षी रिकामे भूखंड बेकारांना बटाटे लावायला दिले. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी स्वतःचा घोडा विकला! 1970 च्या दशकात महापौर कोलमन यंग यांनीही ‘फार्म-अ-लॉट’ नावाची योजना आणली. त्यानंतर जेराल्ड हेअरस्टन यांच्या ‘गार्डनिंग एंजल्स’ या गटातल्या, दक्षिणेत शेती शिकलेल्या वडीलधाऱ्यांनी वाफे जिवंत ठेवले आणि ग्रेस ली बॉग्ज व जेम्स बॉग्ज या कार्यकर्त्या जोडप्याने 1992 मध्ये ‘डेट्रॉईट समर’ सुरू करून तरुण मुलांना त्यांच्याशी जोडून दिलं. शंभर वर्षं जगलेल्या ग्रेसबाईंबद्दल मी मिळेल ते वाचत सुटले आहे.

शेतीचं हे कामही सोपं नाही. पाडलेल्या घरांच्या जागी मातीत विटांचा चुरा आणि जुन्या रंगांतलं शिसं असतं. म्हणून आधी माती परीक्षण, नाहीतर सरळ बाहेरची माती आणि कंपोस्ट भरून उंच गादीवाफे. मिशिगनची थंडी लांबलचक, तरी साध्या पॉलीहाऊसमध्ये पालक हिवाळाभर टिकतो! ‘कीप ग्रोइंग डेट्रॉईट’ ही संस्था दीड हजारांहून जास्त बागांना बियाणं आणि रोपं पुरवते. दीड हजार! एकाच शहरात!

मला सगळ्यात भिडलं ते जमिनीबद्दलचं भान. 2013 मध्ये शहराने शेतीला कायदेशीर मान्यता दिली आणि त्याच वर्षी शहराचं दिवाळं निघालं. पुढे सावरलेल्या भागांत जमिनीच्या किमती चढू लागल्या. वर्षानुवर्षं ज्यांनी प्लॉट साफ केला, त्यांच्या नावावर तो नसेल तर? म्हणून 2020 मध्ये तीन संस्थांनी मिळून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना जमीन विकत घेता यावी यासाठी निधी उभारला. भाजी पिकवण्यापेक्षा हेच काम मोठं आहे असं मला मनापासून वाटतं. कसणाऱ्याच्या हातात सातबारा नसेल तर काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

डी-टाउन चालवणाऱ्या संस्थेने आणि तिचे सहसंस्थापक मलिक याकिनी यांनी अनेक वर्षं पाठपुरावा करून 2024 मध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सभासदांच्या मालकीचं किराणा दुकानही उघडलं. ज्या शहरातून मोठी सुपरमार्केटं निघून गेली, तिथे लोकांचं स्वतःचं दुकान!

तुमचे कुणी नातेवाईक मिशिगनमध्ये असतील, आणि डेट्रॉईटजवळच्या ट्रॉय-नोव्हाय भागात मराठी माणसं भरपूर आहेत, तर त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये जा. शनिवारी सकाळी त्यांना गाडीत घाला आणि ईस्टर्न मार्केट गाठा. ‘ग्रोन इन डेट्रॉईट’ची पाटी शोधा, तिथे उभ्या असलेल्यांना भाजी कुठल्या रस्त्यावर पिकली ते विचारा, भरपूर बोला, आणि पिशव्या जास्तीच्या न्या!