कवळाण्याचा मुलगा, पिंप्राळ्याची मुलगी

पिंप्राळ्यास एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो होतो. त्यांची दहावीतली मुलगी भांडी घासत होती. “फादर, आपण राजघराण्यातले आहोत असे एखाद्या दिवशी अचानक कळले तर?” तिने हसत विचारले. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबणार, हे तिच्या आईने आम्हांस नुकतेच सांगितले होते.

आम्ही तिला मालेगाव तालुक्यातील कवळाण्याची हकिगत सांगितली. १८७५ साली बडोद्याच्या विधवा महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यावयाचा होता. गायकवाडांच्या कवळाण्यातील शाखेचे तीन भाऊ बडोद्यास नेण्यात आले. त्यांतला बारा वर्षांचा गोपाळराव निवडला गेला. शेतकऱ्याघरचे ते पोर सयाजीराव महाराज झाले.

“तिन्ही मुलगेच. मुलगी का नाही, फादर?”

आम्ही निरुत्तर झालो. गादी मुलालाच मिळे. पण स्वतः उशिरा अक्षरे गिरवलेल्या त्या राजाने १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेही मुलींसकट. मुलींना गादी नाही, पाटी मात्र मिळाली.

परतताना मनास एक गोष्ट लागून राहिली. बाप्तिस्म्याच्या वेळी आमच्यासारख्याच एका पुरोहिताने या मुलीच्या मस्तकी पवित्र तेल लावून तिला ख्रिस्ताच्या राजपदात सहभागी करून घेतले होते. ते तिला सांगावयाचे आम्हीच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. तिच्या वडिलांशी कॉलेजच्या प्रवेशाविषयी बोलावयाचे होते.