संदर्भांकांची शुद्ध प्रत

नाव बदलले की जुन्या कागदाचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. माळशिरस ज्या सोलापूर जिल्ह्यात येते, त्याला लागून असलेल्या चार जिल्ह्यांची नावे २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत बदलली. विजापूर आणि गुलबर्गा यांचे विजयपूर व कलबुर्गी झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले आणि अहमदनगरचे अहिल्यानगर. विद्यापीठाचेही तसेच. आमच्या पदव्यांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. २००४ नंतरच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांवर सोलापूर विद्यापीठ असे छापलेले आहे, आणि २०१९ नंतरच्यांवर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. एकाच वर्गखोलीतून बाहेर पडलेल्या तीन पिढ्यांच्या हाती तीन नावांचे कागद आहेत. तरी नवे नाव आले म्हणून जुनी गुणपत्रिका कोणी खोडून लिहीत नाही. ती ज्या दिवशी दिली गेली, त्या दिवसाचे सत्य तिच्यावर आहे, एवढे आपण सारे न बोलता मान्य करतो.

हीच मान्यता संगणकातील नोंदीलाही लागू पडते का, हा प्रश्न आमच्यासमोर एका अनपेक्षित वाटेने आला. ती वाट हौशी रेडिओची.

हौशी रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन शासनाचा परवाना मिळवलेल्या व्यक्तीने स्वतःच्या संचावरून, कोणत्याही मोबदल्याविना, जगातील दुसऱ्या परवानाधारकाशी साधलेला संपर्क. भारतातील परवानाधारकाला बहुधा ‘व्हीयू टू’ किंवा ‘व्हीयू थ्री’ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. माळशिरसमधील आमचे एक ज्येष्ठ सहकारी, पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, असे परवानाधारक आहेत. आम्ही दोघे मराठी शिकवतो. त्यांना आजही ‘सर’ म्हणतो. गच्चीवर ताणलेली तार, खालच्या खोलीत संच आणि शेजारी नोंदवही असा त्यांचा संसार. प्रत्येक संपर्काची तारीख, वेळ, समोरच्याचे संकेतनाम, वारंवारता, संदेशाचा प्रकार आणि ध्वनीची प्रत, हे सारे त्यात लिहिले जाते. वेळ आपली नव्हे, जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे या वहीतला दिवस माळशिरसमध्ये पहाटे साडेपाचला उजाडतो. पूर्वी ही वही कागदाची होती. पुढे ती संगणकात गेली.

दृष्टी मंदावल्यामुळे सरांनी त्या वहीचे एक काम आमच्याकडे सोपवले. “तुम्ही मराठीवाले जुन्या पोथ्या लावता,” ते म्हणाले, “आता ही पण लावून द्या.” काम वरवर पाहता कारकुनी होते. वहीतील संदर्भांक नव्या पद्धतीप्रमाणे बदलायचे.

हे संदर्भांक कशाचे, ते सांगायला हवे. हौशी मंडळींत संपर्कांच्या संख्येवर प्रमाणपत्रे देणाऱ्या अनेक योजना आहेत. १९६४ साली सुरू झालेल्या बेटांच्या योजनेत प्रत्येक द्वीपसमूहाला खंडाची आद्याक्षरे आणि एक क्रमांक असतो. आपले लक्षद्वीप त्यात ‘एएस-०११’ आहे. २००२ पासून पर्वतशिखरांची योजना आहे. अलीकडे सर्वांत लोकप्रिय झालेली योजना ‘पार्क्स ऑन द एअर’. राष्ट्रीय उद्यानात, अभयारण्यात संच घेऊन जायचे आणि तेथून जगाला हाक मारायची. जागतिक वेळेच्या एका दिवसात निदान दहा संपर्क झाले, तर ती स्वारी धरली जाते. घरी बसून त्या हाकेला उत्तर देणाऱ्याच्या खात्यातही ते उद्यान जमा होते. सर या दुसऱ्या पंथाचे. त्यांच्या वहीत देशोदेशीच्या उद्यानांचे संदर्भांक आहेत.

या योजनेत पूर्वी देशाचा उपसर्ग रेडिओच्या संकेतनामांवरून घेतलेला असे. अमेरिकेला ‘के’, जपानला ‘जेए’, ऑस्ट्रेलियाला ‘व्हीके’, कॅनडाला ‘व्हीई’, भारताला ‘व्हीयू’. व्यवस्थापकांनी मार्च २०२४ मध्ये ही पद्धत बदलून देशांची आंतरराष्ट्रीय प्रमाण-अक्षरे स्वीकारली. ‘के’चे ‘यूएस’ झाले, ‘जेए’चे ‘जेपी’, ‘व्हीके’चे ‘एयू’, ‘व्हीयू’चे ‘आयएन’. सरांच्या सॉफ्टवेअरने उद्यानांची नवी यादी उतरवून घेतली. जुन्या नोंदी मात्र जुन्याच उपसर्गांनी राहिल्या. परिणाम असा की, जे उद्यान २०२२ मध्ये ‘के’ने आणि २०२४ मध्ये ‘यूएस’ने आले, ते मोजणीत दोनदा येऊ लागले, आणि जे फक्त जुन्या नावाने होते, ते यादीला ओळखूच येईना.

शोधा आणि बदला, ही आज्ञा कोणालाही सुचेल. तिच्यातील धोका सरांनीच दाखवला. ‘के-’ शोधून ‘यूएस-’ घाला असे संगणकाला सांगितले, तर तो ‘व्हीके-’मधला ‘के-’ही पकडतो आणि ऑस्ट्रेलियाचे उद्यान ‘व्हीयूएस-’ नावाच्या अस्तित्वात नसलेल्या देशात जाऊन पडते. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. या वह्यांची देवघेव ज्या मजकुरी स्वरूपात होते, त्यात प्रत्येक रकान्याच्या आधी पुढील मजकुरात किती अक्षरे आहेत, तो आकडा लिहिलेला असतो. वाचणारे सॉफ्टवेअर तेवढीच अक्षरे उचलते. ‘के’, आडवी रेघ आणि चार अंक मिळून सहा अक्षरे होतात. ‘यूएस’ केले की सात. आकडा सहाच राहिला, तर शेवटचा अंक गळतो. छंद शिकवणाऱ्यांना हे नवे वाटू नये. शब्द बदलला आणि मात्रा पुन्हा मोजल्या नाहीत, तर चरण लंगडतो. इथे फक्त कान तक्रार करत नाही, नोंद मुकाट्याने दुसऱ्या उद्यानाची होऊन बसते.

यापुढचा प्रश्न तांत्रिक नव्हता, आणि त्यावर आमच्यातच दोन मते पडली. एकाचे म्हणणे असे की, उद्यान तेच आहे, फक्त खूण बदलली आहे. तेव्हा सगळीकडे नवी खूण घालून वही एकसारखी करावी. दुसऱ्याचे म्हणणे असे की, सरांनी त्या संध्याकाळी मॉर्समध्ये ‘के’ ऐकला होता, डा-डिट-डा. ‘यूएस’चे डिट-डिट-डा, डिट-डिट-डिट त्या संध्याकाळी आकाशातून आलेच नव्हते. जे उच्चारले गेले नाही, ते उच्चारले असे वहीने का म्हणावे? शिवाय संपर्काला दोन टोके असतात. पलीकडच्या माणसाच्या वहीत जुनाच संदर्भांक असेल, आणि तो बदलण्याचा अधिकार आपला नाही. सरांच्या वहीत काही संकेतनामांपुढे ‘एसके’ अशी अक्षरे आहेत. ‘सायलेंट की’, मूक झालेली कळ. दिवंगत हौशी सहकाऱ्यासाठी हा त्या जगातला शब्द. त्या माणसांना आता काहीच पुन्हा विचारता येणार नाही. त्यांनी पाठवलेले शेवटचे अक्षर जसेच्या तसे कोठे असेल, तर ते अशा वह्यांतच.

या वादात आम्हांला एक भेद करावा लागला, आणि तो आमच्या विषयालाही उपयोगी वाटतो. बदल तीन प्रकारचे असतात. पहिला, हद्द तीच आणि नाव नवे: उस्मानाबाद आणि धाराशिव. दुसरा, नाव तेच आणि हद्द नवी: आमच्याच जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते, पुढे ते सुमारे १,२२२ वर आणले गेले. अभयारण्य म्हणून जी शेते एकदा मोजली गेली, त्यांतली बहुतेक आज त्याच नावाच्या बाहेर आहेत. तिसरा प्रकार, नाव आणि हद्द दोन्ही तीच, पण मोजणाऱ्याची खूण नवी: ‘व्हीयू’चे ‘आयएन’. संगणकाला हे तिन्ही बदल सारखेच दिसतात, एका अक्षरमालेच्या जागी दुसरी. वाचणाऱ्याला ते सारखे दिसून चालत नाही.

खुणेला स्वतःचा इतिहास नसावा, म्हणजे तिला बदलावे लागणार नाही, असाही एक विचार आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते टपाल खात्याचे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवी-नाटककारही. शब्दांत रमलेल्या माणसाने गावांना निव्वळ आकडे दिले, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण ४१३५०१ हा पिन हलला नाही. हौशी रेडिओतही पृथ्वीची अक्षांश-रेखांशांवरून पाडलेली चौकटींची जाळी आहे. तिच्यात माळशिरस, पंढरपूर आणि सोलापूर ही तिन्ही ‘एमके ७७’ या एकाच चौकटीत येतात. आळंदी ‘एमके ६८’, जेजुरी ‘एमके ७८’. माउलींची पालखी एवढ्या तीन चौकटी ओलांडून पंढरीला पोहोचते. ही खूण कोणत्याही शासननिर्णयाने बदलणार नाही. पण तिच्यात पालखीही दिसत नाही. उद्यानांचे संदर्भांक या दोहोंच्या मधले: अर्धे नाव, अर्धा आकडा. म्हणून त्यांचे जुने होणे अटळ होते.

अखेर वाट दाखवली ती आमच्याच परंपरेने. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्या प्रतीने वाचकांच्या पिढ्या पोसल्या. तरी १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथपूर्व मानलेली पोथी छापावीशी वाटली, कारण शुद्ध केल्यामुळे काय हरवले, हे शुद्ध प्रतीवरून कळत नाही. वाचण्यासाठी एक प्रत लागते आणि शोधण्यासाठी दुसरी. एकीने दुसरीची जागा घेतली की नुकसान होते.

तेव्हा आम्ही असे केले. मूळ वहीची प्रत तारीख घालून वेगळी ठेवली. तिला कोणी हात लावायचा नाही. दुसऱ्या प्रतीत संदर्भांकाच्या रकान्यात नवी खूण घातली, ती देशवार आणि अक्षरांचा आकडा पुन्हा मोजून. प्रत्येक नोंदीच्या शेऱ्यात जुनी खूण लिहिली. मोजणी सुरळीत झाली. दोनदा आलेली उद्याने एकदा झाली आणि सरांचा एकूण आकडा थोडा खाली आला. त्यांना त्याचे वाईट वाटले नाही. “आकडा खरा झाला,” एवढेच ते म्हणाले, आणि मग विचारले, “जुनी वही आहे ना जागेवर?”

त्या प्रश्नात संपादनाचे सारे शास्त्र आहे, असे आम्हांला वाटते. आज आपले सातबारे, हजेरीपट, निकाल आणि ग्रंथालयांच्या सूच्या वेगाने संगणकात जात आहेत, आणि एका आज्ञेने लाखो नोंदींतील नाव बदलण्याची सोय झाली आहे. कागदावर खाडाखोड दिसत असे. काट मारलेल्या शब्दाखालचा शब्द वाचता येत असे. पडद्यावर खाडाखोड उरत नाही. म्हणून ती मुद्दाम ठेवावी लागते, एका वेगळ्या रकान्यात, कोणी मागितली नसली तरी.