तांदीच्या पुढे

हिमाचल प्रदेशात केलाँगच्या अलीकडे तांदी नावाचे छोटेसे गाव आहे. चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा येथे संगम होतो, आणि तेथून पुढे वाहणाऱ्या प्रवाहाला चंद्रभागा म्हणतात. हीच पुढे चिनाब होते. पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला हे नाव इतक्या उंचीवर ऐकून क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. परंतु मोटरसायकलवरून लेहला निघालेल्यांच्या मनात तांदीचे स्थान वेगळ्या कारणाने आहे. येथील पेट्रोल पंपावरच्या पाटीने वर्षानुवर्षे प्रवाशांना बजावले आहे की, पुढील पंप ३६५ किलोमीटरवर आहे. पाटी फक्त पेट्रोलबद्दल बोलते. पंक्चरवाल्याबद्दल काही सांगत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये, अनंत चतुर्दशी झाल्यावर, सांगलीचे हळदीचे एक व्यापारी आपल्या पुतण्यासह या पंपावर उभे होते. वय अठ्ठावन्न, आणि मोटरसायकलवरून लांबचा प्रवास आयुष्यात पहिलाच. गाडी १९९६ सालची बुलेट, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. ती त्यांची नव्हती. थोरल्या भावाची होती. २०२१ च्या साथीत थोरले गेले आणि गाडी मार्केट यार्डातील गोदामात, हळदीच्या पोत्यांच्या आड, गोणपाटाखाली उभी राहिली. त्यांच्या टेबलाच्या खणात शालेय नकाशासंग्रहाचे एक पान सापडले. त्यावर मनाली ते लेह अशी निळ्या पेन्सिलीची रेघ होती. ती रेघ पुरी करायची, असे मुलाने ठरवले. आई म्हणाली, "काका बरोबर असतील तरच." वहिनींचा शब्द मोडणे काकांना शक्य नव्हते.

खर्चाचा अंदाज पुतण्याने एका वहीत मांडला आणि रीतीप्रमाणे काकांपुढे ठेवला. मिरजेहून गोवा एक्सप्रेसने गाडी दिल्लीला पार्सल करणे (रेल्वे टाकीतील पेट्रोल पूर्ण काढायला लावते, हे अनेकांना ऐनवेळी कळते), क्लच प्लेट, चेन, तेल, उबदार कपडे, मुक्काम. या यादीत एक ओळ होती : 'टायर, दोन'. काका गोदामात गेले, वाकून पाहिले आणि परत येऊन त्या ओळीवर काट मारली.

"काका, टायर जुने आहेत," पुतण्या म्हणाला.

"अरे, नक्षी बघ. गोटा झालाय का कुठे? दादाने बसवले आणि गाडी फिरली तरी किती! नव्यासारखा माल फेकून द्यायचा?"

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. काकांचा उभा जन्म हळदीच्या सौद्यांत गेलेला. पोत्यातील हळकुंड वरून कितीही गुटगुटीत व चकचकीत दिसले तरी ते मधोमध मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज त्यांनी कधी भाव बोलला नाही. टायर मात्र मोडून पाहता येत नाही.

मनाली ते लेह हा रस्ता आता पूर्वीइतका लांब राहिलेला नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि ४६ किलोमीटर अंतर वाचले. मनालीची देवदारांची हिरवाई मागे टाकून बोगद्यात शिरावे आणि पलीकडे लाहौलच्या उघड्या, तपकिरी डोंगरांत बाहेर पडावे, हा पालट दहा-पंधरा मिनिटांत होतो. शरीराला मात्र हा झपाटा मानवत नाही. म्हणूनच जाणकार केलाँग किंवा जिस्पा येथे एक रात्र थांबतात. काका-पुतण्यांनीही तसेच केले. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि पहाटे प्रस्थान, हा घरचा नेम त्यांना या रस्त्यावर आयताच उपयोगी पडला. कारण येथील नाले बर्फाच्या पाण्याचे असतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारच्या उन्हाने गुडघ्यापर्यंत चढते.

दारचा, झिंगझिंगबार, मग सूरजताल. भागा नदी याच निळ्याशार तळ्यातून निघते. त्याच्या वरच बारालाचा ला. 'ला' म्हणजे खिंड. येथे उंची पावणेपाच हजार मीटरहून अधिक असते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ उतरलेला असतो आणि पिशवीतील चिवड्याची पाकिटे उशीसारखी फुगतात. टायरचेही तसेच होते. मनालीत भरलेल्या हवेचा दाब बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे मापकावर दोन-तीन पौंडांनी वाढलेला दिसू शकतो, तर थंडी तोच दाब खाली ओढते. त्यामुळे एकंदर फरक थोडाच पडतो. खरी अडचण इंजिनाची. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला पेट्रोल तेवढेच मिळते, हवा मात्र अपुरी. दोन माणसे आणि सामान घेऊन ती पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत चढते.

सरचूच्या पठारावर हिमाचल संपते आणि लडाख सुरू होते. तेथून थोड्या अंतरावर गाटा लूप्स लागतात. एकाच डोंगरउतारावर एकावर एक रचलेली २१ वळणे. वर चढताना खालच्या वळणावरील मालमोटारी काड्यापेटीएवढ्या दिसतात. वाटेत एका ठिकाणी पाण्याच्या बाटल्यांची रास आहे. बंद पडलेल्या मालमोटारीजवळ राहिलेला एक क्लीनर थंडी व तहानेने तेथे गेला, अशी कथा चालक सांगतात आणि जाताना पाण्याची बाटली ठेवतात. कथेचे खरेखोटे ठरवायला तेथे कोणी थांबत नाही.

त्या राशीच्या थोडे पुढे मागचे चाक बसले.

ट्यूबच्या टायरचे पंक्चर गावातील दुकानात वीस मिनिटांचे काम असते. साडेचार हजार मीटरवर तेच काम माणसाची परीक्षा पाहते. गाडी स्टँडवर घ्यायची, चेन उतरवायची, ब्रेकचा दांडा सोडवायचा, आस ठोकून काढायचा, मग चाक जमिनीवर आडवे टाकून पायाने टायरची कड रिममधून सुटी करायची. प्रत्येक कृतीनंतर खाली बसून श्वास घ्यावा लागतो. ट्यूब बाहेर आली तेव्हा तिला शेजारी शेजारी दोन चिरा होत्या. खड्ड्याच्या काठावर चाक आपटले की ट्यूब दगड आणि रिम यांच्या कैचीत सापडते व अशी जोडचीर पडते. पुतण्याने बरोबर आणलेली एकमेव नवी ट्यूब घातली. हातपंपाने हवा भरायला काका बसले. विरळ हवेत पंपाच्या एका दट्ट्यातून हवाही कमी जाते, त्यामुळे दट्टे जास्त आणि मारणाऱ्याचा दम निम्मा. दोन तास गेले.

पांगला पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती. पांग म्हणजे लष्कराचा तळ आणि रस्त्याकडेचे तंबू. दिवस मावळण्यापूर्वी वरण-भात समोर आला, पण काकांच्या गळ्याखाली घास उतरेना. डोके ठणकत होते. ही उंचीची बाधा होय. ती वय, पैसा, सवय काही पाहत नाही, आणि तिच्यावरचा खात्रीचा उपाय एकच : खाली उतरणे. परंतु पांगहून लेहकडे उतरायचे तर आधी आणखी वर चढावे लागते. रात्रभर पुतण्या जागा होता. शेगडीच्या उबेला त्याने फाटक्या ट्यूबवर पॅच लावून पाहिला. सोल्यूशन नीट धरेना.

सकाळी मोरे पठार लागले. या रस्त्यावरील सर्वांत सुखाचा, चाळीसएक किलोमीटरचा हा टप्पा. उंची सुमारे ४,७०० मीटर, पण डांबर सरळ आणि गुळगुळीत, दोन्ही बाजूंना वाळूच्या रंगाचे डोंगर, आणि मधूनच चांगपा मेंढपाळांचे कळप. पश्मिना लोकर देणाऱ्या शेळ्या त्याच. येथे प्रत्येक गाडीवाला आपसूक वेग वाढवतो. पुतण्यानेही वाढवला. काकांनाही जरा बरे वाटू लागले होते. आणि बंदुकीसारखा बार झाला.

गाडी शेपूट हलवीत रस्त्याच्या कडेला गेली, पण पडली नाही. पुतण्याने मागचा ब्रेक दाबला नाही, एवढ्यावर दोघे वाचले. मागच्या टायरची बगल तळहाताएवढी उभी फाटली होती आणि त्यातून नव्या ट्यूबची चिंधी बाहेर लोंबत होती. नक्षी अजूनही नव्यासारखीच होती.

भाजीचे क्रेट घेऊन लेहला निघालेली एक पिकअप अर्ध्या तासाने थांबली. चालक मध्यमवयीन होता, खाली उतरला, चाकाजवळ उकिडवा बसला आणि टायरच्या बगलेवरची धूळ त्याने अंगठ्याने पुसली. तेथे लहानशा चौकटीत चार अंक होते : ३११४.

"चाचाजी, ये टायर आठ साल पुराना है," तो म्हणाला. "इकत्तीसवाँ हफ्ता, दो हजार चौदह."

प्रत्येक टायरवर हे चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. रबर वापराने झिजते आणि न वापरताही म्हातारे होते. ऊन, हवा, एकाच जागी बसलेला भार यांनी ते कडक होते, बगलेला केसासारख्या चिरा पडतात. गोदामात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत राहते, म्हणून तर तो अधिक फसवतो. काकांनी खाली वाकून ते अंक स्वतः वाचले. मग पुढच्या चाकाचे वाचले. तेही तेच होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पुतण्याही बोलला नाही. 'मी सांगितले होते' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत, हे काकांना जास्त लागले.

आणखी दोघा वाटसरूंच्या मदतीने गाडी क्रेटच्या मागे चढवून दोरांनी बांधली. चालकाने भाडे सांगितले आणि काकांनी घासाघीस केली नाही. तांगलांग ला ही ५,३०० मीटरच्या आसपासची खिंड, निळ्या रेघेवरचे सर्वांत उंच ठिकाण, त्यांनी पिकअपच्या केबिनमधून पार केली. काकांना वाटेत दोनदा ओकारी झाली. पलीकडे रुमत्सेला उतरल्यावर डोके हलके झाले, उपशीला सिंधू नदी दिसली आणि त्यांनी पहिल्यांदा चहा मागितला. पुतण्या मात्र सारा वेळ मागच्या काचेतून बांधलेल्या गाडीकडे पाहत होता. दादांची गाडी तांगलांग चढली होती खरी, पण दुसऱ्याच्या पाठीवर.

लेहला बुलेटच्या टायरची ददात नाही. जुन्या बुलेटला पुढे-मागे एकाच मापाचा, ३.२५-१९ चा टायर लागतो. दुकानदाराने दोन टायर पुढ्यात ठेवले. काकांनी चष्मा लावून आधी चार अंक शोधले, एक परत केला, दुसरा मागवला. रात्री त्यांनी पुतण्याकडून वही मागून घेतली. काट मारलेल्या ओळीच्या खाली त्यांनी तीच ओळ पुन्हा लिहिली, 'टायर, दोन', पुढे रक्कम घातली, आणि खर्चाच्या बाजूला पिकअपचे भाडे वेगळे दाखवले.

"हे माझ्या नावे टाक," ते म्हणाले. "पेढीच्या नको."

दोन दिवस विश्रांती झाल्यावर एका पहाटे त्यांनीच पुतण्याला उठवले. "चल, तांगलांगला जाऊन येऊ." लेहहून ती खिंड शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि परतीची वाट तर श्रीनगरकडून ठरलेली होती. पुतण्याने हिशेब काढायला तोंड उघडले, तेवढ्यात काका खाली जाऊन किक मारू लागले होते. थंडीत गाडी अकराव्या किकला सुरू झाली. दुपारपूर्वी दोघे पुन्हा त्या पाटीखाली उभे होते, या वेळी आपल्या चाकांवर. नकाशाचे पान पुतण्याच्या खिशात होते. त्याने ते बाहेर काढले नाही, वारा फार होता.

परतीचा प्रवास, कारगिल, झोजी ला, जम्मू, विनाविघ्न झाला.

दिवाळीच्या पाडव्याला पुतण्यासाठी नवी मोटरसायकल घ्यायचे काकांनीच काढले. जुनी बुलेट विकायची नाही. ती रविवारी गावात फिरेल, असे ठरले. नव्या गाडीला मिश्रधातूची चाके आणि ट्यूबलेस टायर होते. खिळा शिरला तरी अशा टायरमधून हवा हळूहळू जाते, आणि चाक न उतरवता बाहेरूनच रबराची वात सारून भोक बुजवता येते. विक्रेता तरुण होता. तो ताकद, रंग, हप्ते याविषयी सांगत राहिला. काकांचे लक्ष तिकडे नव्हते. पाडव्याचे नवे धोतर सावरीत ते शोरूमच्या चकचकीत फरशीवर उकिडवे बसले आणि मागच्या टायरच्या बगलेवरून अंगठा फिरवू लागले.

"काका, काही पडलं का?" विक्रेत्याने विचारले.

"थांब जरा," पुतण्या म्हणाला, आणि टॉर्च लावून मोबाईल खाली धरला.